उंबरावरचे पाहुणे

आमच्या वावरात, नाल्याच्या काठाला, एक जुना उंबर होता. दोघांनी हात धरले तरी कवेत न मावणारा, आणि सालीचे पापुद्रे सुटून इतका खरबरीत झालेला की पाठ टेकली तर लुगड्याचे धागे निघत. त्याच्या खोडावर किडे राहत. काळे, चपटे, लांब पायांचे, उन्हात पाहिले तर पाठीवर हिरवट झाक दिसणारे. मी त्यांना उडताना कधी पाहिलं नाही, ते पळत. आपण इकडून बघावं तर ते खोडाच्या पलीकडे, आणि पलीकडे जावं तर ते इकडे. उंबराच्या फळात जी केमरं, बारीक माश्या, असतात ती वेगळी, हे वेगळे. हे मुंग्या, अळ्या, असलं बारीकसारीक खाऊन राहत. झाडाचं एक पानही त्यांनी कधी कुरतडलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका शास्त्राच्या शिक्षकांना मी त्यांच्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, हे जमिनीवरच्या भुंगेऱ्यांच्या जातीचे. मी म्हटलं, अहो, पण हे जमिनीवर पायसुद्धा ठेवत नाहीत. ते म्हणाले, कुठंही राहोत, जात तीच. माझ्या गोंधळात त्यांनी भरच घातली.

आमच्या घरात त्यांना पाहुणे म्हणत. हे नाव बाबांनी ठेवलेलं. पाहुण्यांचं येणं-जाणं ठरलेलं होतं. पावसाळाभर त्यांची खोडावर वर-खाली धावपळ असे. पोळा होऊन दसरा आला की ते विरळ होत, आणि थंडीत एखाददुसरा दुपारच्या उन्हाला बाहेर येई. होळीनंतर खोड रिकामं. मी लहान असताना एकदा बाबांनी सालीचा पापुद्रा हळूच उचलून मला दाखवला. आत सगळे एकमेकांना चिकटून निपचित पडले होते. मी विचारलं, "मेले का?" बाबा म्हणाले, "मरतीन कायले? उन्हाळा काढून राह्यले." आणि त्यांनी पापुद्रा होता तसा दाबून बसवला.

मग रोहिणी नक्षत्राच्या आगेमागे एखाद्या संध्याकाळी पाहुणे बाहेर पडत. आधी बुंध्याशी घोटाळत, मग खोड जिथं दोन्हीकडे फुटतं त्या बेचक्यापर्यंत चढत. ते बेचक्यापर्यंत गेले की बाबा दुसऱ्या दिवशी धूळपेर करत. धूळपेर म्हणजे पाऊस यायच्या आधीच, कोरड्या धुळीत, कपाशीची सरकी पेरून मोकळं व्हायचं. अंदाज साधला तर पहिल्या पाण्याबरोबर बी वर येतं आणि पीक सगळ्यांच्या पुढं निघून जातं. चुकला तर सरकी उंदीर-मुंग्यांच्या घशात. घरोघरी बियाण्याची सरकी एका पेरणीपुरतीच राखून ठेवलेली असे, त्यामुळे चुकायला जागा नव्हती. बाबांचा अंदाज कधी चुकला नाही असं गाव म्हणे. मला वाटतं, चुकला असेल, पण चुकलेलं लोक विसरत असावेत. काही असो, पाहुणे निघाले की बाबा पेरत, आणि बाबांनी पेरलं की गाव पेरे. बाबांच्या मागे हा मान माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे आला.

मी सांगते ते वर्ष महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाचं. मी ट्रेनिंग करून मेहकरला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले होते. ट्रेनिंगला जाऊन माझी भाषा सुधारली होती, म्हणजे घरच्यांच्या मते बिघडली होती. आमचं गाव सुलतानपूरच्या अलीकडे. मोटारीतून उतरून बराच वेळ चालावं लागे, त्यामुळे माझं जाणं सुट्टीतच. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दारात उभी राहिले की वहिनी म्हणे, "आलं का आमचं उंबराचं फूल?" आई-बाबा दोघंही गेलेले, तेव्हा माहेर म्हणजे हीच दोघं, दादा आणि वहिनी.

त्या वर्षी ती तसं काही म्हणाली नाही. पाण्याचा तांब्या हातात दिला आणि आत गेली. माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही, कारण शेजारच्या आमच्या काकू, म्हणजे चुलती, लगेच येऊन बसल्या आणि बोलायला लागल्या. दादाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. काकूंच्या नात्यात एक मुलगी होती. कायद्यानं दुसरी बायको करता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कायदा कागदावर हाये, लेकरू मांडीवर लागते." काकू वाईट नव्हत्या. आई गेल्यावर मला न्हाऊमाखू त्यांनीच घातलं. पण माया असली की माणूस दुसऱ्याच्या संसारात किती आत हात घालतं, ते त्यांच्याकडे बघून कळावं. दादा हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. ओट्यावर बसून दोरखंड वळत राही. पावसाळ्यानंतर बघू, एवढंच तो म्हणाला होता, आणि वहिनीनं ते आतून ऐकलं होतं.

आमच्याकडे पेरणीची पहिली मूठ लेकुरवाळ्या बाईच्या हातानं टाकतात. आई होती तेव्हा आई टाके. आईनंतर वहिनी घरात असताना दर वर्षी काकूंना बोलावणं जाई. काकू मूठ टाकत आणि मग वहिनी ओटीत सरकी घेऊन तिफणीमागून दिवसभर चालत बी सोडी. सगळं वावर तिच्या हातचं, पहिली मूठ तेवढी नाही. मला त्याचा फार राग येई. वहिनीला येई की नाही कोण जाणे, तिनं कधी दाखवला नाही.

एक दिवस दुपारी, गाव सारं दारं लावून पडलेलं असताना, मी वावरात गेले. घरात काकू होत्या, एवढंच कारण. उंबराजवळ पोचते तर विहिरीकडून वहिनी भरली घागर घेऊन येताना दिसली. तिनं मला पाहिलं आणि क्षणभर थबकली. मग उंबराच्या बुंध्याशी गेली आणि घागर हळूहळू मुळांवर रिकामी केली. उरलेलं पाणी ओंजळीनं खोडावर मारलं. जमीन आधीच ओली होती, म्हणजे हे रोजचं होतं. त्या वैशाखात पाणी किती खोल गेलं होतं हे पोहऱ्याच्या दोरावरून कळत होतं, आणि ही बाई ते शेंदून झाडाला घालत होती.

तिनं नमस्कार केला, माझ्याजवळ आली आणि तोंडावर बोट ठेवलं. "इचारू नका, ताई. पाह्यल्यानं काही होत नाही. बोललं की फुटते."

विचारायची गरजच नव्हती. मूल नसलेली बाई वैशाखभर उंबराला पाणी घालते ते कशासाठी, हे आमच्याकडे कुठलीही पोर सांगेल. नवसाची अट एकच, महिना संपेपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही. नवऱ्याजवळही नाही. त्या वर्षी वैशाख लांबून जूनच्या तोंडाशी आला होता आणि महिना संपायला थोडेच दिवस राहिले होते. मी मान हलवली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास होता का? वर्गात मी मुलींना नाही म्हणून सांगत असे. तिथं उंबराखाली मला काय वाटलं ते मला नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दादा संध्याकाळी वावरातून आला तो हसतच. कित्येक महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं. "पाहुणे निंघाले," तो म्हणाला. "बेचक्यापर्यंत गेले. यंदा लवकर हाये पाणी."

आम्ही तिघंही बघायला गेलो. ऊन उतरलं होतं. खोडावर पाहुणेच पाहुणे. ओल्या मुळांवरून चढत होते, सालीच्या फटींतून निघत होते, एकमेकांना ओलांडून बेचक्याकडे धावत होते. दादानं झाडाला हात लावला आणि म्हणाला, "बाबा असते त आज रात्रीच तिफण काढली असती." मी वहिनीकडे पाहिलं. ती डोळे मिटून, पदर दोन्ही हातांत धरून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला आधी वाटलं, घाबरली. मग कळलं, ती आनंदानं रडत होती. दादाला त्या किड्यांत पाऊस दिसत होता, आणि वहिनीला तिचा नवस पावलेला दिसत होता.

आणि मला? मला पायाखालचा चिखल दिसत होता. पाहुणे सालीखाली उन्हाळा काढत होते, आणि त्यांच्या घरात कुणी रोज घागरभर पाणी ओतत होतं. पाऊस आला असं समजून ते बाहेर पडले नसतील कशावरून? पण मग बाबांच्या वेळी पावसाआधी, कोरड्या जमिनीवर ते निघत, ते कसे? हवेतल्या दमटपणानं? की कशानं? मी मास्तरीण होते खरी, पण मला कुणी हे शिकवलं नव्हतं, आणि मला जे शिकवलं होतं त्यात ह्याचं उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाल्याच्या पलीकडच्या जुन्या आंब्याकडे गेले. त्या आंब्याच्या सालीखालीही पाहुणे असत, थोडे. मी पापुद्रा उचलला. सगळे निपचित, एकमेकांना चिकटून. एकाला काडीनं डिवचलं तर त्यानं पाय ओढून घेतला आणि पुन्हा गप्प. आंब्याच्या पाहुण्यांना पावसाचा पत्ता नव्हता.

मी वावरात परत आले तेव्हा दादानं उंबराजवळच्या तुकड्यावर तिफण जुंपली होती. काकूंची मूठ टाकून झाली होती. वहिनी ओटीत शेण-राखेत घोळलेली सरकी घेऊन तिफणीमागून निघाली होती. आमच्यात रीत अशी की पहिल्या दिवशी आमचा हा तुकडा पेरला जाई, आणि दुसऱ्या दिवशी गाव पेरे.

मी दादाला म्हटलं, "चार दिवस थांब ना."

"काऊन?"

काऊन, ते मला सांगता येत नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले, ढग नाहीत, वारा नाही, आंब्यावरचे पाहुणे अजून झोपलेत.

"बाबानं आंबा पाह्यला होता का कधी?" दादा म्हणाला. "मास्तरीणबाई, तुमी पोट्ट्यायले शिकवा. आमाले बापानं शिकवलं हाये." आणि त्यानं बैलांना हाक घातली.

दुपारी वहिनी सावलीला बसली तेव्हा मी तिला गाठलं. माझा स्वभाव तापट, मनात आलेलं ओठावर यायला वेळ लागत नाही. मी म्हटलं, "वहिनी, हे तुमच्या पाण्यानं निघालेत. आंब्यावरचे अजून तसेच पडलेत. मी पाहून आले."

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि उंबराकडे पाहिलं. मग म्हणाली, "देवानं धाडले नाहीत?"

"मला नाही माहीत."

"मंग तुमाले काय माहीत हाये, ताई?"

तिनं भाकरी फडक्यात बांधली आणि ओटीत सरकी घेऊन पुन्हा तिफणीमागं गेली.

संध्याकाळी गावातली माणसं आमच्या ओट्यावर आली. ही दर वर्षीची पद्धत. येऊन विचारायचं, पाहुणे काय म्हणतात, आणि चहा पिऊन जायचं. बायका घरी सरकी घोळायला बसलेल्या असत. त्यांतल्या दोघी-तिघी तर दुपारीच बांधावरून वहिनीला हाक मारून गेल्या होत्या, की तुमच्या उंबराच्या भरवशावर उद्या आमीबी तिफण काढतो. दादा ओट्यावर मधोमध बसला होता. बाबा बसत तिथंच. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग, काढाव का उद्या तिफणी?"

वहिनी पाण्याची कळशी घेऊन दारात आली. पाणी ठेवून तिनं आत जायचं, असंच असतं. तिनं कळशी ठेवली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि तिथंच उभी राहिली.

"पेरू नोका," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पुरुषांच्या बैठकीत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"उंबराले पाणी मी टाकून राह्यली होती. वैशाख लागला तवापासून, रोज. ते त्या वलीनं निंघाले असतीन. माह्या एकटीच्या लेकरासाठी इतक्या घरची सरकी मातीत नोका घालू."

एवढं बोलून ती आत गेली. म्हातारा उठला, त्याच्यामागून बाकीचे उठले. चहा तसाच राहिला. दारामागे काकू उभ्या होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला आणि त्याही घरी गेल्या. मी चुलीजवळ गेले तर वहिनी भाकरी थापत होती.

दादा आत आला. मला वाटलं, आता हा आवाज चढवणार. सगळ्या गावासमोर त्याचा आणि बाबांचा मान तिनं मातीत घातला होता. त्यानं विचारलं, "मले आधी काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त नवस राह्यला असता का?"

"अन् आता?"

"आता फुटला," ती म्हणाली. "वाढू का?"

तो जेवायला बसला. तिच्या त्या बोलण्यानं गावाची सरकी वाचली, पण तिचं काय वाचलं? पावसाळ्यानंतर बघू म्हणणारा नवरा समोर बसला होता, आणि तिच्या हातात होतं नव्हतं ते तिनं ओट्यावर सर्वांसमोर सांडून टाकलं होतं.

इथंच हे संपलं असतं तर मला निदान काहीतरी कळल्याचं समाधान असतं. म्हणजे वहिनीचं पाणी, फसलेले पाहुणे, वेळेवर खरं बोललेली बाई. पण मग आंब्यावरचे पाहुणेही निघाले. दोन-तीन दिवसांत, कोरड्या सालीखालून, कुणी थेंबभर पाणी न घालता. मी स्वतः पाहिले. आणि त्यानंतर लगेच, गावानं सरकी पुन्हा मडक्यांत भरून ठेवलेली असताना, पाऊस आला. चांगला आला, आणि लागून राहिला. काळ्या जमिनीत पाय घालवेना. गाव जमीन सुकून वाफसा येण्याची वाट बघत बसलं आणि आमचा उंबराजवळचा तुकडा तेवढा हिरवा झाला. एकेक सरकी उगवली. बांधावरून जाणारा प्रत्येक जण तो तुकडा बघे आणि दादाला ऐकू जाईल असं बोले.

"बायकोले सांगून आमाले थांबवलं बे, अन् स्वता पेरून बसला."

दादा आणि वहिनीनं मिळून गावाला बनवलं, असं सगळ्यांनी धरलं. वहिनीनं देवाशी केलेला करार मोडला तो ह्याच लोकांसाठी, आणि आता तिला पाणवठ्यावर कुणी जागा देत नव्हतं. मी एक-दोघींशी कडाकडा भांडले. काही उपयोग झाला नाही, मास्तरीणबाईंचा आवाज फार मोठा आहे एवढीच ख्याती झाली. वहिनी मला म्हणाली, "जाऊ द्या, ताई. त्यायचं पीक मांगं राह्यलं, ते बोलणारच."

मग उंबराचे पाहुणे पाण्यानं निघाले होते की पावसाच्या चाहुलीनं? लवकर निघाले, पण चुकले नव्हते. की चुकले होते आणि पावसानं त्यांना सावरून घेतलं? वहिनी बोलली नसती तर गाव सुखी झालं असतं आणि नवसही राहिला असता. मी तिला आंब्याचं सांगितलं नसतं तर ती बोलली नसती. पण मला जे दिसलं ते खरंच दिसलं होतं, आणि तिला जे वाटलं तेही खरं होतं. शाळा सुरू झाली, मी मेहकरला परतले, आणि फळ्यावर गणितं घालता घालता मध्येच थांबून हेच उलटसुलट करत बसे. मुली हसत.

पुढच्या वैशाखात मी घरी गेले. मोटारीतून उतरून येताना वावरावरून आडवी वाट धरली. टळटळीत दुपार, रानात चिटपाखरू नाही. विहिरीजवळ कुणीतरी पाणी शेंदत होतं. मी जवळ गेले तर दादा. त्यानं घागर खांद्यावर घेतली, उंबराकडे गेला, आणि मुळांवर पाणी ओतलं. अगदी वहिनी ओतायची तसं, हळूहळू, सगळीकडून. मग ओंजळीनं खोडावर मारलं. आमच्याकडे पुरुष घागर उचलत नाही. बैलाला पाणी दाखवेल, मोट हाकेल, पण घागर घेऊन झाडाला पाणी घालणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. जमीन ओली होती. म्हणजे हेही रोजचं होतं.

त्यानं मला पाहिलं. मी तोंड उघडणार तोच म्हणाला, "इचारू नोको."

मी ते विचारलं नाही. पण गप्प बसणं मला जमत नाही. मी म्हटलं, "असं पाणी टाकलं तर पाहुणे कशानं निघाले ते तुला कसं कळणार? पेरणी कधी करशील?"

"लोक पेरतीन तवा," तो म्हणाला.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. बाबांचा उंबर तो आपल्या हातानं मुका करत होता. गावाला सांगायचा मान, ओट्यावरची मधली जागा, सगळं त्या घागरीबरोबर मुळाशी जात होतं. त्या वर्षी त्यानं खरोखरच धूळपेर केली नाही. पाऊस झाल्यावर, सगळ्यांबरोबर, एक दिवस मागूनच पेरलं. काकू मूठ टाकायला बांधावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. दादानं सरकीची टोपली वहिनीपुढं धरली आणि म्हणाला, "टाक." वहिनीनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी तोंड फिरवलं, पण मग हळूच मान हलवली. वहिनीनं मूठ टाकली. काकूंच्या नात्यातल्या त्या मुलीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

मूल झालं नाही. दादा दर वैशाखात पाणी घालत राहिला. पाहुणे आधी निघत, कधी खूप आधी, आणि त्यांच्याकडे कुणी पावसासाठी बघत नसे. गाव हळूहळू बाबांचा उंबर विसरलं, तसा आमच्यावरचा रागही विसरलं. मी मात्र दर सुट्टीत संध्याकाळी तिथं जाऊन बसे आणि त्या काळ्या धावपळीकडे बघून डोकं शिणवत बसे.

दादा गेला त्यानंतरच्या वैशाखात मी गेले, तेव्हा माझेही केस पिकले होते. वहिनीला घागर उचलवत नव्हती. ती तांब्यातांब्यानं पाणी नेत होती, मध्ये मध्ये बसत. मी तांब्या हातात घ्यायला गेले तर तिनं दिला नाही.

मी म्हटलं, "वहिनी, आता कशासाठी?"

तिनं बुंध्याला पाणी घातलं. सालीखालून एक पाहुणा निघाला, ओल्या मुळावर थांबला, आणि वर गेला.

"हा माहा नवस नाही, ताई," ती म्हणाली. "माहा त त्या दिवशीच फुटला. हा त्यायचा हाये."

"काय होता दादाचा?"

"मले काय माहीत? त्यायनं सांगतलाच नाही कधी." तिनं रिकामा तांब्या पालथा करून झटकला. "अर्धा सोडता येत नाही ना."

आणि ती पुन्हा विहिरीकडे निघाली.